भूमिगत रेल्वे : बर्लिन शाखा



जोतिराव फुल्यांचं 'गुलामगिरी' आपल्यापैकी काहींनी वाचलं असेल, निदान शाळेत त्याचं नाव आणि साल (१८७३) तरी पाठ केलं असेल. त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. ते पुस्तक फुल्यांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलंय, ज्यांनी तिथल्या काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली त्यांना. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. म्हणजे त्याला जेमतेम आठ वर्षं झाली होती आणि पुण्यात बसलेल्या या माणसाला तिकडे कोण कुणासाठी काय करतंय याची पक्की खबर होती. तेव्हा ना फोन, ना इंटरनेट. असो.

त्या झीज सोसणाऱ्यांमध्ये एक मोठा गट 'अंडरग्राउंड रेलरोड'वाल्यांचा. नाव रेल्वेचं, पण ती जमिनीखाली नव्हती आणि तिला रूळही नव्हते. दक्षिणेतून पळालेल्या गुलामाला रात्रीतून एका घरातून दुसऱ्या घरात पोचवत उत्तरेला, आणि १८५० चा पळपुट्या गुलामांविरुद्धचा कायदा आल्यावर थेट कॅनडापर्यंत न्यायचं, असं हे काम. आसरा देणाऱ्या घराला 'स्टेशन' म्हणायचे आणि वाट दाखवणाऱ्याला 'कंडक्टर'. हॅरिएट टबमन ही स्वतः पळून आलेली बाई पुन्हा पुन्हा मागे गेली आणि तिने सत्तरेक माणसं बाहेर काढली. फिलाडेल्फियात विल्यम स्टिल नावाचा गृहस्थ आलेल्या शेकडो माणसांची नोंद ठेवत होता: नाव, गाव, मालक कोण, मागे कोण राहिलं. ते कागद त्याने लपवून ठेवले आणि १८७२ मध्ये पुस्तक करून छापले. हा स्टिल लक्षात ठेवा, पुढे त्याची आठवण होणार आहे.

जर्मनीत इतकी वर्षं काढल्यावर मला कुतूहल होतं, की असं काही इथे घडलं का? 'इथे गुलाम कुठे होते?' असं कुणी विचारेल. होते. दुसऱ्या महायुद्धात या देशात बाहेरून आणलेले सुमारे १ कोटी ३० लाख लोक सक्तीने राबत होते. कारखान्यात, खाणीत, शेतावर, अगदी चर्चच्या दफनभूमीतसुद्धा. न्यूरेंबर्गच्या खटल्यात आरोपपत्रात शब्दच होता 'गुलाम मजूर', आणि ही भरती करणारा फ्रिट्झ झाउकेल १९४६ साली फासावर गेला. २००० साली जर्मन सरकार आणि उद्योगांनी निम्मे-निम्मे घालून १० अब्ज मार्कांचा निधी उभा केला, त्यातून २००७ पर्यंत साडेसोळा लाखांहून जास्त लोकांना पैसे दिले गेले. निधीला हातभार लावणाऱ्या कंपन्या सहा हजारांहून जास्त होत्या. त्यांतली बरीच नावं आपल्या रोजच्या बोलण्यातली आहेत.

पण मी आज सांगणार आहे ते बर्लिनच्या ज्यूंबद्दल. कारण पळण्याच्या गुप्त वाटा कशा चालत याचा सगळ्यात स्पष्ट नकाशा मला तिथे सापडला.

१९३३ साली बर्लिनमध्ये सुमारे १ लाख ६० हजार ज्यू होते. ज्यांना जमलं ते पुढच्या काही वर्षांत देश सोडून गेले. उरलेल्यांना कारखान्यांत जुंपलं गेलं: वेगळ्या खोलीत, सर्वांत हलकं किंवा सर्वांत घाण काम, सर्वांत कमी मजुरी, सोडून जायची सोय नाही. सप्टेंबर १९४१ पासून छातीवर पिवळा तारा. १८ ऑक्टोबर १९४१ रोजी ग्रुनेवाल्डच्या स्टेशनातून पूर्वेकडे जाणारी पहिली गाडी सुटली आणि त्याच महिन्यात देश सोडून जायला बंदी झाली. म्हणजे दार बंद केलं आणि मग घर रिकामं करायला घेतलं. (ग्रुनेवाल्डचा 'ग्लाइस १७' हा फलाट आता स्मारक आहे. फलाटाच्या कडेला लोखंडी पट्ट्यांवर प्रत्येक गाडीची तारीख, माणसांचा आकडा आणि ठिकाण कोरलंय. जरूर बघा.)

गंमत बघा, म्हणजे वाईट अर्थाने गंमत: या काळात जी गुलामी होती तीच ढालही होती. ज्याचं काम सैन्याला लागणाऱ्या कारखान्यात, त्याचं नाव गाडीच्या यादीत उशिरा येई. २७ फेब्रुवारी १९४३ रोजी ती ढालही गेली. त्या दिवशी पहाटेपासून कारखान्यांना वेढे पडले आणि माणसं यंत्रांपुढून उचलून ट्रकांत भरली. ज्यांना आधी कुणकुण लागली ते त्या दिवशी कामावर गेलेच नाहीत. जर्मनमध्ये याला 'उंटरटाउखेन' म्हणतात, बुडी मारणं. आणि बुडी मारलेली माणसं स्वतःला म्हणायची 'ऊ-बोट', पाणबुडी. आपल्याकडे १९४२ च्या चळवळीत 'भूमिगत' म्हणायचे. कल्पना तीच, आपण जमिनीखाली गेलो आणि हे पाण्याखाली. बर्लिनमध्ये अशी बुडी मारणारे सात हजारांच्या आसपास होते. युद्ध संपल्यावर जिवंत वर आले ते साधारण सतराशे.

आता जरा इंजिनिअरच्या डोक्याने विचार करू. चार लाख नव्हे, चाळीस लाख वस्तीच्या शहरात एक माणूस दोन-अडीच वर्षं 'नाहीसा' ठेवायचा, तर काय काय लागेल? रेशन कार्ड नाही, म्हणजे अन्न दुसऱ्याच्या ताटातून किंवा काळ्या बाजारातून. ओळखपत्र नाही, म्हणजे रस्त्यावर पहिल्या तपासणीत खेळ खलास. तरुण पुरुष असेल तर आणखी पंचाईत, 'तू आघाडीवर का नाहीस?' हा प्रश्न कुणीही विचारणार. बॉम्बहल्ला झाला की सगळी इमारत तळघरात उतरणार, तिथे अनोळखी चेहरा चालत नाही. आजारी पडलात तर डॉक्टर कोण? मेलात तर पुरणार कुठे? हे शेवटचं मी उगाच लिहीत नाही, तो प्रश्न खरोखरच येत असे. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा माणूस लागतो. अभ्यासक सांगतात की एका लपलेल्या माणसामागे दहा-दहा मदतनीस असत, कधी त्याहूनही जास्त. पकडून देणारा मात्र एकच पुरतो.

अशा एका जाळ्याचं मधलं स्टेशन आजही जागेवर आहे. पाहुणे आले की आपण त्यांना हाकेशर मार्क्टला नेतोच. तिथल्या चकचकीत हाकेशे ह्योफेच्या अगदी शेजारी, रोझेन्थालर श्ट्रासे ३९ मध्ये एक कळकट अंगण आहे. भिंतींचा गिलावा गळलेला, वर रंगवलेली चित्रं. आत शिरून डावीकडचा जिना चढलात की ओटो वाइट यांची अंधांची कार्यशाळा. (आडनावावर जाऊ नका, मराठीत ते फारच अन्याय करतं.)

वाइट जन्मले १८८३ साली रोस्टोकला. भिंतींना कागद लावायचा धंदा. तरुणपणी अराजकवादी, युद्धविरोधी मंडळींत ऊठबस. पुढे नजर जात चालली म्हणून झाडू आणि ब्रश बांधायला शिकले आणि कारखाना काढला. १९४० मध्ये तो रोझेन्थालर श्ट्रासेवर आला. तिथे जास्तीत जास्त पस्तिसेक कामगार होते, बहुतेक ज्यू, त्यांतले बरेच आंधळे, काही बहिरे. गिऱ्हाईकांत जर्मन सैन्य, त्यामुळे कारखान्यावर 'युद्धासाठी आवश्यक' असा शिक्का. हा शिक्का हेच वाइट यांचं मुख्य हत्यार. माझी आंधळी माणसं नेलीत तर सैन्याला झाडू कोण देणार, हा त्यांचा कायमचा युक्तिवाद.

दुसरं हत्यार म्हणजे खुद्द झाडू. युद्धात सगळ्याची टंचाई, त्यामुळे झाडू-ब्रशला चलनाची किंमत. सैन्याच्या नावाने आलेल्या कच्च्या मालातला काही भाग बाजूला काढायचा, त्याचे झाडू मोठ्या दुकानांना द्यायचे, बदल्यात अत्तर, दारू, सिगारेटी घ्यायच्या आणि त्या गेस्टापोच्या अधिकाऱ्यांच्या घशात घालायच्या. सरळ भाषेत अफरातफर आणि लाच. एकदा त्यांचे कामगार उचलून जवळच्या ग्रोस हाम्बुर्गर श्ट्रासेवरच्या छावणीत नेले, तर हे काठी टेकत तिथे गेले आणि त्यांना सोडवून परत घेऊन आले. पाच-सात मिनिटांचा रस्ता. पिवळे तारे लावलेली आंधळी माणसं एकमेकांना धरून रस्त्याने परत चाललीत आणि पुढे एक जवळजवळ आंधळाच मालक. कामावर तेव्हा इंगे डॉइचक्रोन नावाची विशीतली मुलगी होती. ती पुढे पत्रकार झाली, १९७८ साली आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि २०२२ मध्ये ९९ व्या वर्षी गेली. आज आपल्याला या कारखान्याबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंचसं तिच्यामुळे.

इंगे आणि आलिस लिश्त या दोघी डोळस. ज्यूंना कचेरीत काम करायला मनाई होती, पण वाइट यांनी एकीला टेलिफोनवर आणि दुसरीला सेक्रेटरी म्हणून ठेवलं होतं. तपासणी आली की दोघी गायब व्हायच्या. पुढे इंगेला बुडी मारावी लागली तेव्हा वाइट यांनी तिच्यासाठी दुसऱ्या एका बाईचं कामगार-पुस्तक विकत घेतलं. ती बाई शरीरविक्रय करणारी होती, कारखान्यात जायची तिची इच्छा नव्हती, तिला पैसे हवे होते. हिला नाव हवं होतं. व्यवहार जमला.

कार्यशाळेच्या सगळ्यात शेवटी एक बिनखिडकीची खोली आहे. तिच्या दारापुढे कपाट, कपाटाची मागची फळी काढलेली, आत कपडे टांगलेले. कपडे सारले की आत जायचं. खाइम होर्न, त्यांची बायको माख्ला आणि मुलं माक्स व रूट असे चौघे तिथे साधारण नऊ महिने राहिले. दिवसा भिंतीपलीकडे ब्रश बांधायचं काम चालू, त्यामुळे आवाज बंद. मी त्या खोलीत उभा राहिलोय. खोली म्हणून ती अगदी साधी आहे, नऊ महिने म्हणून ती अशक्य आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये होर्न यांनी एका ओळखीच्या ज्यू माणसावर विश्वास टाकला. तो गेस्टापोसाठी काम करत होता. अशा माणसांना 'ग्राइफर' म्हणत. स्वतःची गाडी चुकवण्यासाठी ते इतरांना पकडून देत. होर्न कुटुंबातले चौघेही आउश्वित्झला मारले गेले.

त्याच लाटेत आलिस आणि तिचे आईवडीलही पकडले गेले आणि थेरेझिएनश्टाटला गेले. वाइट यांनी तिकडे आपल्या माणसांना अन्नाची पार्सलं पाठवायला सुरुवात केली. एक-दोन नाही, दीडशेवर. मे १९४४ मध्ये लिश्त कुटुंबाला आउश्वित्झच्या गाडीत भरलं. आलिसने चालत्या गाडीतून वाइट यांच्या पत्त्याचं कार्ड बाहेर फेकलं. ते कुणीतरी उचललं आणि पुढे धाडलं. (हा 'कुणीतरी'सुद्धा जाळ्याचा भागच की. त्याचं नाव कधीच कळणार नाही.) कार्ड मिळाल्यावर हे साठी ओलांडलेले, जवळजवळ आंधळे गृहस्थ झाडू विकायच्या बहाण्याने स्वतः आउश्वित्झला गेले. तिथे कळलं की तिला क्रिश्चियनश्टाटच्या कामगार छावणीत हलवलंय. मग तिथे गेले, एका पोलिश कामगारामार्फत निरोप पोचवला, जवळच एक खोली भाड्याने घेऊन तिच्यासाठी कपडे आणि पैसे ठेवले. जानेवारी १९४५ मध्ये छावणी रिकामी करून सगळ्यांना चालवत नेऊ लागले तेव्हा आलिस निसटली, त्या खोलीपर्यंत पोचली आणि तिथून बर्लिनला वाइट यांच्या घरी. तिचे आईवडील परत आले नाहीत.

हे सगळं वाचताना माझ्या मनात सारखा एकच व्यावहारिक प्रश्न येत होता. दीडशे पार्सलांचं अन्न आलं कुठून? दुकानात प्रत्येक तोळ्याचा हिशेब होता त्या काळात?

उत्तर: हेडविग पोर्शुट्झ नावाच्या बाईकडून. जन्म १९००, बर्लिनचीच. अलेक्झांडरप्लाट्झजवळ अलेक्झांडरश्ट्रासे ५ मध्ये राहायची आणि शरीर विकून पोट भरायची. काळ्या बाजारातल्या सगळ्या गल्ल्या तिला पाठ. पार्सलांसाठी आणि लपलेल्यांसाठी अन्न जमवण्यात तिचा मोठा वाटा. त्यावर कडी म्हणजे १९४३ मध्ये तिने आपल्या लहानशा घरात वेगवेगळ्या वेळी चार ज्यू बायकांना लपवलं. घरात गिऱ्हाइकं येत-जात होतीच. बाहेरच्यांना अनोळखी माणसांची वर्दळ नवीन नव्हती, हा एक फायदा. पण त्यातलं कुठलं गिऱ्हाईक काय बघेल याचा भरवसा नाही, हा तितकाच मोठा धोका. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला बर्लिनच्या विशेष न्यायालयाने दीड वर्षाची सक्तमजुरी ठोठावली. खटला काळ्या बाजाराचा, 'युद्धकालीन अर्थव्यवस्थेविरुद्ध गुन्हा'. निकालपत्रात तिच्या चालीरीतीही आल्या. मे १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हाच ती सुटली.

तिच्याकडे परत येतो. त्याआधी या जाळ्यांची वरची पायरी, म्हणजे कागदपत्रं आणि सीमा. कारण लपून राहणं हा अर्धाच प्रश्न, काहींना बाहेरच काढावं लागे.

बर्लिनमधल्या डालेमच्या प्रॉटेस्टंट चर्चभोवती एक गट होता. त्याचे सूत्रधार फ्रान्झ काउफमन, मोठ्या हुद्द्यावरचे माजी सरकारी अधिकारी, जन्माने ज्यू, धर्माने ख्रिस्ती, बायको ज्यू नसल्याने तूर्त वाचलेले. यांची पद्धत साधी आणि फार हुशारीची. चर्चमध्ये दानाची पेटी फिरे तेव्हा काही भक्तमंडळी तीत आपलं स्वतःचं ओळखपत्र टाकत आणि मग पोलिसांत जाऊन 'हरवलं हो' म्हणून सांगत. ओळखपत्र खरं, कागद खरा, नाव खरं. बदलायचा तो फक्त फोटो.

फोटो बदलायचं काम करायचा चिओमा श्योनहाउस. वय वीस, ग्राफिक कलेचं थोडं शिक्षण, आईवडील १९४२ मध्येच पूर्वेला नेलेले, स्वतः शस्त्रांच्या कारखान्यात सक्तीच्या कामावर. फोटो धातूच्या रिंगांनी कागदाला जोडलेला असे. त्या रिंगा हलक्या हाताने काढायच्या, नवीन फोटो बसवायचा आणि मग खरी कसोटी: फोटोच्या कोपऱ्यावर येणारा अर्धा शिक्का. गरुड, स्वस्तिक, भोवतीची अक्षरं. हा पोरगा तो बारीक कुंचल्याने रंगवून, ओलसर कागदावर त्याचा ठसा घेऊन फोटोवर उतरवायचा. मोबदला रेशनची कूपनं. अशी शेकडो ओळखपत्रं त्याने केली. आणि हा लपून राहणारा, पोलिसांना हवा असलेला मुलगा हॉटेलांत जेवायचा आणि त्याने चक्क एक शिडाची होडी विकत घेतली होती! घाबरलेला माणूस ओळखू येतो, हे त्याचं शास्त्र.

ऑगस्ट १९४३ मध्ये कुणीतरी चुगलीचं पत्र लिहिलं आणि गट फुटला. काउफमन यांना फेब्रुवारी १९४४ मध्ये झाक्सेनहाउझेनच्या छावणीत गोळ्या घातल्या. ज्या हेलेने याकोब्स यांच्या घरात श्योनहाउस लपला होता त्यांना अडीच वर्षांची शिक्षा झाली. तो स्वतः मात्र स्वतःसाठी बनवलेले कागद खिशात घालून बर्लिनहून सायकलवर निघाला आणि बोडेनझेच्या बाजूने स्वित्झर्लंडमध्ये पोचला. २०१५ पर्यंत तिथे जगला.

तो एकटा गेला, पण त्याच सीमेवर एक 'लाइन'ही चालू होती. दक्षिणेला झिंगेनजवळचा नकाशा काढून बघा. तिथे स्वित्झर्लंडचा शाफहाउझेन हा भाग ऱ्हाइन ओलांडून जर्मनीच्या पोटात शिरलाय आणि सीमा जंगलातून इतकी वेडीवाकडी जाते की स्वित्झर्लंडमध्ये पोचलेला माणूस दोनशे पावलं सरळ गेला तर पुन्हा जर्मनीत येईल. अशा ठिकाणी स्थानिक माणसाशिवाय पर्याय नाही. बर्लिनच्या ग्रुनेवाल्डमध्ये राहणारी लुइझे मायर ही कॅथलिक विधवा आणि सीमेवरच्या गोटमाडिंगेनचा योझेफ ह्योफ्लर हा कारखान्यातला कामगार, यांनी १९४३-४४ मध्ये मिळून २८ ज्यूंना पलीकडे काढलं. ती बर्लिनमधून माणसं गाडीत बसवून झिंगेनला धाडायची, तो पुढे सीमेपर्यंत न्यायचा. मे १९४४ मध्ये दोघंही पकडले गेले. खटला उभा राहण्याआधी युद्ध संपलं म्हणून वाचले.

आता त्या विल्यम स्टिलची आठवण काढू या. अमेरिकेत निदान एका माणसाने आतून नोंदी ठेवल्या. इथे कुणी ठेवल्या नाहीत, ठेवणं हा मूर्खपणाच ठरला असता. ज्यात लॉग लिहिणं म्हणजे मरण, अशी ही यंत्रणा. मग आज आपल्याला हे कळलं कसं? दोन वाटांनी. एक, वाचलेल्यांच्या आठवणी. दुसरी, पोलिसांच्या आणि न्यायालयांच्या फायली. म्हणजे ज्यांनी या माणसांना पकडलं त्यांनीच त्यांचं चरित्र लिहून ठेवलंय. जो पकडला गेला नाही त्याची फाइल नाही. आणि जिची फाइल आहे तिच्याबद्दल त्या फायलीत काय लिहिलंय ते तुम्ही वर वाचलंच.

आपल्याकडचं एक उदाहरण देतो. साताऱ्यात १९४३ ते १९४६ क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. भूमिगत कार्यकर्ते रात्री-बेरात्री वस्तीवर यायचे, उसाच्या फडात राहायचे. त्यांना भाकरी थापून कुणी दिली, निरोप कुणी पोचवले, पोलीस आल्यावर 'आमच्याकडं कोण न्हाई' असं कोण म्हणालं? पुढे १९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केलं. अट काय, तर साधारणपणे सहा महिन्यांचा तुरुंगवास. किंवा सहा महिन्यांहून जास्त काळ भूमिगत, पण मग फरारी म्हणून घोषणा, पकडून देण्याबद्दल बक्षीस किंवा स्थानबद्धतेचा हुकूम, यांपैकी काहीतरी हवं. म्हणजे देशभक्तीचा दाखला कुणाकडून आणायचा, तर इंग्रजांच्या पोलिसांकडून! नियम करणाऱ्यांचीही अडचण समजते, काहीतरी पुरावा लागतोच, नाहीतर खोट्यांची रांग लागते (आणि ती लागलीच). पण भाकरी थापणारीच्या नावावर वॉरंट कसं निघणार? तिची कामगिरी यशस्वी झाली याचा अर्थच तो, की तिची नोंद झाली नाही.

हेडविग पोर्शुट्झच्या बाबतीत हाच प्रकार उलट बाजूने झाला. तिची नोंद झाली होती, हाच तिचा घात.

युद्धानंतर वाइट १९४७ च्या डिसेंबरमध्ये वारले. कारखान्याबद्दल ठामपणे सांगू शकणारा मुख्य साक्षीदार गेला. हेडविग गरिबीत राहत होती. पन्नासच्या दशकात तिने पश्चिम बर्लिनच्या अधिकाऱ्यांकडे राजकीय छळ झालेली व्यक्ती म्हणून मान्यता मागितली. नाकारली. १९५८ मध्ये बर्लिनचे गृहखात्याचे सेनेटर योआखिम लिपशिट्झ यांनी एक फार चांगला उपक्रम सुरू केला होता, 'न गायलेले वीर' अशा अर्थाच्या नावाचा. ज्यांनी ज्यूंना मदत केली त्यांना मानपत्र आणि गरजूंना पैशाची मदत. त्यात पुढे सातशेहून जास्त लोकांचा सन्मान झाला. पश्चिम जर्मनीत असा विचार करणारं बर्लिन हे पहिलं. पण सन्मानाला माणूस 'लायक' हवा. तिथेही हेडविगला नकार मिळाला. ती लायक नव्हती कारण ती वेश्या होती, आणि ती वेश्या होती हे कशावरून, तर १९४४ च्या निकालपत्रावरून. नाझी न्यायालयाने तिच्या चारित्र्याबद्दल लिहिलेलं मत पंधरा वर्षांनी लोकशाहीतल्या कारकुनाने खरं धरलं.

मला त्या कारकुनाचा राग येतो, पण त्याहून जास्त त्याच्या नीटनेटकेपणाची भीती वाटते. त्याने काही बेकायदा केलं नाही. त्याच्यापुढे फाइल होती, फायलीत कागद होता, कागदावर शिक्का होता. आपणही दिवसभर असलेल्या डेटावरच निर्णय घेतो, तो डेटा कुणी आणि कशासाठी भरला होता हे किती वेळा बघतो?

आणि जरा विचार करा, या कारखान्यात 'स्वच्छ' असं काय होतं? वाइट यांनी सैन्याचा माल वळवला, लाच दिली. इंगेचं कामगार-पुस्तक विकत घेतलेलं. श्योनहाउस बनावट कागद करत होता. डालेमची भक्तमंडळी पोलिसांपुढे धडधडीत खोटं बोलत होती. यांतल्या प्रत्येकाला पुढे क्षमा मिळाली, कारण ते करण्यामागचा हेतू बघितला गेला. हेडविगच्या बाबतीत तेवढा हेतू बघितला गेला नाही. वास्तविक तिचा धंदा हीच तिची साधनसामग्री होती. वर्दळीचं घर, काळ्या बाजारातल्या ओळखी, पोलिसांशी बोलायची सवय. प्रतिष्ठित घरातल्या बाईला मनात आणलं तरी ती दीडशे पार्सलांचं लोणी आणू शकली नसती.

हेडविग १९७७ मध्ये वारली, कुठलाही सन्मान न मिळता. वाइट यांना याद वाशेमने १९७१ मध्येच 'राष्ट्रांतील सज्जन' म्हणून मान्यता दिली होती. १९९९ मध्ये म्यूझिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांनी कार्यशाळेच्या मूळ खोल्यांत एक छोटं प्रदर्शन भरवलं आणि त्यातूनच आजचं संग्रहालय उभं राहिलं. त्या निमित्ताने नावं, पत्ते, फायली पुन्हा बाहेर आल्या. इंगे डॉइचक्रोनसारखी माणसं आग्रह धरून बसली. मग २०११ मध्ये बर्लिनच्या सरकारी वकिलांनी १९४४ ची शिक्षा रद्द ठरवली आणि २०१२ मध्ये याद वाशेमने तिचंही नाव यादीत घेतलं. शिक्षेनंतर ६७ वर्षांनी, मरणानंतर ३४ वर्षांनी.

बर्लिनला आलात तर कार्यशाळा बघायला पैसे पडत नाहीत. जिना जुना आहे, आईवडील सोबत असतील तर सावकाश चढा. ब्रश बांधायची यंत्रं ठेवलीत, कपाटामागची खोली शेवटी आहे, आणि तिथे हेडविगचा फोटोही आहे. अलेक्झांडरश्ट्रासेवरचं तिचं घर शोधू नका, मिळणार नाही. शोनेबेर्गमध्ये फॉयरिगश्ट्रासेवर मात्र २०१२ पासून तिच्या नावाची पाटी आहे.